मुरमांवरच्या दोन ट्यूबांचे परीक्षण: गोव्याच्या दमट हवेत बारा आठवडे

पणजीचा अठरा जून रस्ता असो की म्हापशाचा बाजार, फार्मसीत उभे राहून "मुरमांवर काहीतरी द्या" म्हटले की काउंटरवर ढीग जमतो. कडुलिंबाचा फेसवॉश, कोळशाचा स्क्रब, हळदीची क्रीम, "आठ दिवसांत गोरेपणा" देणारी एखादी ट्यूब, आणि कोपऱ्यात कुठेतरी दोन साध्या, कंटाळवाण्या दिसणाऱ्या ट्यूब: बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेल आणि ॲडापॅलीन ०.१ टक्का जेल. हे परीक्षण त्या दोघांचे. बाकीच्या ढिगाबद्दलही ओघाने बोलायचे आहेच, कारण बरेच पैसे तिकडेच जातात आणि नुकसानही तिथूनच होते.

निकाल आधीच सांगतो. सौम्य ते मध्यम मुरमांसाठी ही जोडी आज दुकानात मिळणाऱ्या लावायच्या औषधांत सर्वांत भरवशाची. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली मुरमांच्या उपचाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाशी नाते असलेली औषधे, ॲडापॅलीन त्याच कुळातले) या दोघांची शिफारस ठामपणे केली आहे. सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲझेलेइक ॲसिडला तितके ठाम स्थान नाही, त्यांची शिफारस सशर्त आहे. तरीही ही जोडी घेऊन निराश झालेले लोक गोव्यात घरोघरी सापडतील. बहुतेकदा औषध बरोबर असते आणि लावण्याची पद्धत चुकलेली असते.

पद्धत का चुकते हे कळायला मुरूम कसा बनतो ते थोडे पाहावे लागेल. त्वचेच्या प्रत्येक रोमछिद्रात केसाचे मूळ असते आणि त्याला चिकटून तेलाची ग्रंथी. वयात येताना शरीरात अँड्रोजेन हे संप्रेरक वाढते, मुलांत आणि मुलींत दोघांतही. त्याने ग्रंथी मोठी होते आणि तेल, म्हणजे सीबम, जास्त पाझरते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी असलेल्या मृत पेशी सुट्या होऊन पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून छिद्रात बूच बसते. सुरुवातीला हे बूच डोळ्यांना दिसतही नाही. पुढे ते फुगले आणि वरून कातडीने झाकलेले राहिले तर पांढरा ठिपका, तोंड उघडे राहिले तर काळा. काळ्या ठिपक्याचा रंग मळाचा नसतो. त्वचेतले मेलॅनिन आणि हवा लागून बदललेले तेल यांचा तो रंग. म्हणून कितीही घासले तरी तो निघत नाही. बुचामागे हवा पोचत नाही, तेल मात्र भरपूर असते. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू तिथे वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजते, आणि लाल, दुखरी, पू धरलेली पुळी वर येते.

यातून दोन गोष्टी निघतात. आज आरशात दिसलेली पुळी कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. आणि जिथे आज काहीच दिसत नाही अशा गालावर पुढच्या महिन्याच्या पुळ्यांची बुचे आत्ता बसत असतात. म्हणून औषध पुळीवर टिकली लावल्यासारखे लावायचे नसते. कपाळ, गाल, नाक, हनुवटी, जिथे जिथे मुरमे येतात तो सगळा भाग पातळ थराने झाकायचा. गोव्यात आणि सगळीकडेच सर्वांत जास्त होणारी चूक हीच: ट्यूब घ्यायची, पुळीवर लावायची, पुळी बसली की थांबायचे, पुढची आली की "औषधाचा उपयोग नाही" म्हणायचे.

बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के

बेंझॅक एसी, पर्सोल एसी अशा नावांनी ते मिळते. छिद्रात शिरून ते ऑक्सिजन सोडते, आणि हवेशिवाय वाढणारे ते जिवाणू मरतात. हे अँटिबायोटिक नाही, त्यामुळे जिवाणू त्याला सरावत नाहीत. वर्षानुवर्षे वापरले तरी धार तशीच राहते, आणि मुरमांच्या औषधांत हा गुण दुर्मीळ आहे.

दुकानात २.५ आणि ५ टक्के दोन्ही दिसतात, काही ठिकाणी १० टक्केही. जास्त आकडा पाहून हात तिकडे जातो. पण २.५ टक्के जेलचा दाहक पुळ्यांवरचा परिणाम १० टक्क्यांच्या तोडीचा निघाला आहे. वाढतो तो कोरडेपणा, जळजळ आणि सालपटे. २.५ टक्केच घ्यावे.

पहिल्या आठवड्यात चेहरा साध्या फेसवॉशने धुऊन कोरडा करावा, पातळ थर लावावा, दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन टाकावा. त्वचेने सोसले की वेळ वाढवत न्यायची, मग तसेच ठेवायचे. त्याआधी दोन रात्री जबड्याखाली, कानाजवळ थोडेसे लावून पाहिलेले बरे. थोड्या लोकांना याची खरी ॲलर्जी असते. साधा कोरडेपणा आणि ॲलर्जी यांतला फरक ओळखू येतो: डोळ्यांभोवती सूज, खाज, पाण्याचे बारीक फोड आले की ती ॲलर्जी, औषध कायमचे बंद.

त्याचा मोठा दोष म्हणजे ते कपड्यांचा रंग उडवते. गोव्यात हा दोष दुप्पट जाणवतो, कारण घाम. सकाळी लावून कदंबा बसमध्ये उभे राहिले की घामाबरोबर जेल मानेवर उतरते आणि निळ्या-काळ्या शर्टाच्या कॉलरवर तांबूस पांढरे डाग पडतात. ते डाग धुण्याने जात नाहीत, कारण तिथला रंगच गेलेला असतो. उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे ठेवावेत. शाळेचा किंवा हॉटेलातला रंगीत गणवेश असेल तर जेलऐवजी बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश घ्यावा: आंघोळीत चेहऱ्यावर आणि पाठीवर लावून दोन मिनिटे थांबायचे, मग भरपूर पाण्याने धुवायचे. पाठीच्या मुरमांसाठी तर वॉशच सोयीचा. भुवया आणि केसांच्या कडेला जेल लागले तर तेही फिके पडतात.

आणखी एक काळजी उष्णतेची. हे रसायन तापले की त्यातून थोडे बेंझिन, म्हणजे कर्करोगाला कारण ठरू शकणारे रसायन, तयार होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासणी करून मार्च २०२५ मध्ये काही मोजकी उत्पादने बाजारातून मागे घेतल्याचे जाहीर केले. बहुतेक ट्यूबांत प्रमाण अगदी नगण्य किंवा शून्य निघाले, तेव्हा घाबरायचे कारण नाही. पण एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ट्यूब ठेवून फिरणे थांबवावे. घरात, सावलीत, गॅसपासून लांब ठेवावी आणि मुदत संपली की फेकून द्यावी.

ॲडापॅलीन ०.१ टक्का

ही या परीक्षणातली आमची आवडती ट्यूब. ॲडाफेरिन, डेरिवा ही ओळखीची नावे. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यावी. अमेरिकेत २०१६ पासून हेच ०.१ टक्क्याचे जेल चिठ्ठीशिवाय मिळते, यावरून त्याच्या सुरक्षिततेचा अंदाज येईल; पण एकदा डॉक्टरांना दाखवून सुरू केले तर ते खरेच मुरमे आहेत की दुसरे काही, हेही ठरते.

छिद्राच्या तोंडाशी चिकटणाऱ्या पेशींना ॲडापॅलीन पुन्हा शिस्त लावते. बूच बसतच नाही, बसलेले सैल होते, शिवाय सूजही कमी होते. म्हणजे मुरमाच्या सुरुवातीलाच ते गाठते. त्याच कुळातल्या जुन्या ट्रेटिनॉइनपेक्षा ते दोन बाबतींत सोयीचे आहे: उजेडाने बिघडत नाही आणि बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर लावले तरी टिकते. ट्रेटिनॉइनचे बरेच प्रकार बेंझॉइल पेरॉक्साइडच्या संगतीत निकामी होतात. ज्यांच्या घरात रेटिनो-एची, म्हणजे ट्रेटिनॉइनची, ट्यूब आहे त्यांनी दोन्ही एकत्र लावू नयेत; एक सकाळी, एक रात्री.

नाव नीट वाचावे. एकाच नावाच्या पुढे एखादे अक्षर आले की आतले औषध बदलते. नुसत्या डेरिवात ॲडापॅलीन असते, डेरिवा-सीमध्ये त्याच्या जोडीला क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक येते, डेरिवा बीपीओमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड. घाईत दुकानदाराने एकीच्या जागी दुसरी दिली आणि घरात कुणी पाहिलेच नाही, असे सहज घडते. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. पैसे देण्याआधी ते वाचावेत.

लावण्याची रीत अशी. रात्री जेवण झाल्यावर चेहरा धुवायचा, टिपून कोरडा करायचा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. ओल्या त्वचेवर लावले की औषध खोल जाते आणि झोंबते. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की चेहरा पुसूनही दमट राहतो, तेव्हा पंख्याखाली बसून मगच ट्यूब उघडावी. बोटाच्या टोकावर मटारच्या दाण्याएवढे जेल घ्यायचे. त्याचे बारीक ठिपके कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर द्यायचे आणि पसरवायचे. पापण्या, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडायच्या. तिथे आधीच थोडे व्हॅसलीन लावले तर जेल सरकून जात नाही.

मटारच्या दाण्याएवढे म्हणजे साधारण पाव ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब रोज वापरूनही दोन महिने पुरायला हवी. वीस दिवसांत संपली तर तिप्पट लावले गेले. जास्त लावून मुरमे लवकर जात नाहीत, फक्त कातडी सोलते.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावावे. तिसऱ्या आठवड्यापासून रोज. संवेदनशील त्वचा असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग ॲडापॅलीन, वरून पुन्हा मॉइश्चरायझर असे तीन थर चालतात. परिणाम थोडा मंदावतो, पण औषध चालू राहते आणि तेच महत्त्वाचे.

आता वेळापत्रक, कारण लोक सोडतात ते इथेच. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कोरडेपणा, लाली आणि पुष्कळदा आधीपेक्षा जास्त पुळ्या. आत बसलेली बुचे भराभर वर येतात म्हणून हे होते. चतुर्थीला किंवा घरच्या लग्नाला पंधरा दिवस उरले असताना ही ट्यूब सुरू केली तर चेहरा नेमका त्याच दिवशी वाईट दिसेल. अशा वेळी समारंभ होऊ द्यावा आणि मग सुरू करावे. आठव्या आठवड्यापासून उतार दिसू लागतो. बाराव्या आठवड्यात खरा निकाल. त्याआधी "जमले नाही" असे ठरवू नये.

थ्रेडिंग आणि वॅक्सिंगची एक सूचना: ॲडापॅलीन चालू असताना वरच्या ओठावर किंवा गालावर वॅक्स केले तर केसांबरोबर कातडीचा पापुद्रा निघतो आणि तिथे महिनोन्महिने काळा डाग राहतो. पाच ते सात दिवस आधी औषध थांबवावे आणि पार्लरमध्ये तसे सांगावे. गरोदरपणात आणि गरोदर राहण्याचे ठरवले असेल तेव्हा ॲडापॅलीन नको. त्या काळात डॉक्टर बहुतेक ॲझेलेइक ॲसिड देतात.

दोन्ही औषधे एकत्र असलेली ट्यूबही मिळते: ॲडापॅलीन ०.१ टक्का आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. रात्री एकदाच लावायची. ज्यांना दोन वेळा औषध लावायचे लक्षात राहत नाही अशा कॉलेजच्या मुलांसाठी ती उत्तम. पण सुरुवात हिने करू नये असे आमचे मत. दोघांची जळजळ एकदम सुरू होते आणि ॲलर्जी आली तर कशाची ते कळत नाही. आधी चार आठवडे ॲडापॅलीन एकटे, मग सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि दोन्ही सोसल्यावर हवी तर एकत्र ट्यूब.

गोव्याची हवा काय बिघडवते

ट्यूबांवर छापलेल्या सूचना कुठल्याही हवेसाठी लिहिलेल्या असतात. इथे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि उरलेले आठ महिने घाम वाळत नाही. त्यामुळे पहिला बळी जातो मॉइश्चरायझरचा. "आधीच चिकट आहे, वर आणखी क्रीम कशाला?" असा विचार करून लोक ते सोडतात, मग तिसऱ्या आठवड्यात चेहरा सोलतो आणि ॲडापॅलीनही सुटते. वरून तेलकट दिसणारी त्वचाही या औषधांखाली आतून कोरडी पडते. जेल किंवा पातळ लोशन, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले, खोक्यावर "नॉन-कोमेडोजेनिक" (छिद्रे न बुजवणारे) लिहिलेले, एवढे पाहिले तरी पुरते. जाड, डबीतल्या क्रीम इथे नकोत.

दुसरी गोष्ट खोबरेल. केसांना खोबरेल तेल चोपडून शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या कपाळावर, केसांच्या रेषेला लागून बारीक, एकसारखी बुचे दिसतात. उन्हात तेल पातळ होते आणि घामाबरोबर कपाळावर उतरते. तेल सोडायला कुणी सांगत नाही. रात्री लावावे, सकाळी केस धुवावेत, उशीचा अभ्रा बदलावा. चेहऱ्याला मात्र खोबरेल लावू नये, ते छिद्रे बुजवणाऱ्या तेलांत मोडते. भेगा पडलेल्या टाचांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल) लावायची आपल्याकडची रीत चांगलीच, पण ते टाचांपुरते असू द्यावे.

हेल्मेट तिसरे. पावसाळ्यात आतला फोम दिवस-दिवस ओला राहतो, हनुवटीचा पट्टा घासत राहतो आणि नेमकी त्या पट्ट्याच्या वाटेवर पुळ्यांची रांग उठते. आतले अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुऊन पंख्याखाली वाळवावे. पट्ट्याला सुती कापड गुंडाळावे.

ऊन फसवे. किनाऱ्यावर दोन दिवस घालवले की पुळ्या सुकल्यासारख्या वाटतात, लालीही रापलेल्या कातडीत दिसत नाही. आठवड्याने पुळ्या परत येतात आणि जुने डाग दुप्पट गडद झालेले असतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मुरमापेक्षा त्याचा डाग जास्त दिवस छळतो, आणि तो डाग उन्हानेच पोसला जातो. सकाळी जेल स्वरूपाचे एसपीएफ ३० किंवा जास्तीचे सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब रेघ ओढली तर जेवढे होईल तेवढे. घाम पुसला की पुन्हा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे ही दोन्ही औषधे लागूच पडत नाहीत. इथल्या हवेत मालासेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळांत वाढते आणि हुबेहूब मुरमांसारखे पुरळ उठते. ओळखायचे कसे? ते खाजते, मुरमे सहसा खाजत नाहीत. सगळे दाणे एकाच आकाराचे असतात. काळे-पांढरे ठिपके सापडत नाहीत. जागा छाती, पाठ, दंड आणि कपाळाची वरची बाजू. आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्यावर ते वाढते. त्यावर केटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू त्या भागावर पाच मिनिटे ठेवून धुवावा, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. घामाने भिजलेला जिमचा टी-शर्ट अंगावर वाळू देणे हे याचे नेहमीचे निमित्त.

जी ट्यूब घेऊच नये

इथे शब्द सौम्य करता येत नाहीत. चेहऱ्यावर स्टिरॉइडची क्रीम लावू नका. काउंटरवरून, शेजारणीच्या सल्ल्याने, पार्लरच्या सांगण्यावरून ती घरात येते. दोन-तीन दिवसांत लाली बसते, चेहरा उजळतो, आणि माणसाला वाटते सापडले औषध. खोक्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतले काहीही दिसले तर ती ट्यूब परत करावी. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे तीन घटक एकत्र असलेल्या "डागांच्या" क्रीमही त्याच गटातल्या. त्या मेलास्मासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे वापरायच्या असतात.

महिनाभराने कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ओठांवर आणि हनुवटीवर केस वाढतात आणि एकसारख्या लाल पुळ्यांचे पीक येते. क्रीम थांबवली की आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. या चक्रात अडकलेल्या चेहऱ्यांना आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळे नावच दिले आहे: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइडयुक्त लेपांना चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घालणाऱ्या शेड्यूल एचमध्ये टाकले. कुणी आधीच महिनोन्महिने लावत असेल तर एकदम बंद करू नये. डॉक्टरांकडे ट्यूब घेऊन जावे, ते उतरत्या क्रमाने सोडवतात.

नुसते क्लिंडामायसिन जेलही टाळावे. सुरुवातीला छान वाटते, पण एकटे वापरले की जिवाणू काही महिन्यांत त्याला दाद देईनासे होतात. घ्यायचेच तर सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवे.

फेसवॉशवर फार बोलण्यासारखे नाही. दिवसातून दोनदा, कोणताही सौम्य, फेसाचा अट्टहास नसलेला. २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा वॉश काळ्या ठिपक्यांना थोडी मदत करतो, पण अर्ध्या मिनिटात धुऊन गेलेल्या औषधाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. ॲडापॅलीन सुरू असताना तो बंदच ठेवावा. स्क्रब, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी फक्त त्वचेचे कवच फाटते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड आणि तपकिरी चट्टे उठू शकतात. लिंबातले काही घटक ऊन लागले की कातडी भाजतात. पुळीवर चिकटवायचे हायड्रोकोलॉइडचे ठिपके मिळतात, ते फुटलेल्या पुळीचे पाणी शोषतात आणि मुख्य म्हणजे नखांना अडवतात. आपल्या घामात ते रात्रीच, पंख्याखाली टिकतात.

राहिलेल्या डागांसाठी ॲझेलेइक ॲसिड १० किंवा २० टक्के ही तिसरी ट्यूब आम्ही मनापासून सुचवू. अझिडर्म हे त्यातले ओळखीचे नाव. सुरुवातीला दहा मिनिटे चुणचुणते, मग सवय होते. डाग फिके व्हायला तीन ते सहा महिने लागतात. खड्डे मात्र कोणत्याही ट्यूबने भरत नाहीत. त्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचण्याचा उपचार), लेझर असे उपाय लागतात, आणि तेही पुळ्या पूर्ण थांबल्यावरच.

खाण्याबद्दल विचारले जातेच. बांगडा किंवा सुंगटांनी (कोळंबीने) मुरमे येतात असे म्हणायला ठोस आधार नाही. साखर आणि मैदा भरपूर असलेला आहार, आणि काही जणांत दूध, यांचा संबंध मात्र पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. जिमला जाणाऱ्यांनी व्हे प्रोटीन दोन महिने थांबवून पाहावे; छाती-पाठीच्या हट्टी मुरमांत बरेचदा फरक पडतो. पांढऱ्या पावाऐवजी कोंड्याची पोई घेतली तर वाईट काहीच नाही, पण तिच्या भरवशावर ट्यूब बाजूला ठेवू नये.

दोन ट्यूब पुरत नाहीत तेव्हा

जबड्यावर खोल, दुखऱ्या, बोटाला गोटीसारख्या लागणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा बारा आठवडे नीट लावूनही अर्धासुद्धा फरक नसेल तर वाट पाहू नये. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. "पांढऱ्या खोक्यातली क्रीम" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही सांगावे. पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून वेगळा उपचार, स्पायरोनोलॅक्टोनसारखा, द्यावा लागतो.

डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी दिली तर ती साधारण तीन महिन्यांपुरती, आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड चालूच. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नयेत. तिने ऊन सोसत नाही, म्हणून मासेमारी, बांधकाम किंवा डिलिव्हरीचे काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपला धंदा आधी सांगावा.

आयसोट्रेटिनॉइन ही सर्वांत जबर गोळी. ती तेलाची ग्रंथीच आकसवते. मात्रा वजनावर ठरते. एकूण कोर्समध्ये दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत पोचायचे, म्हणजे सहा-आठ महिने. जेवणातल्या स्निग्ध पदार्थांबरोबर घेतली तरच नीट शोषली जाते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येऊ शकते. यकृत आणि चरबीची रक्ततपासणी सुरुवातीला आणि मध्ये करावी लागते, दारू बंद ठेवावी लागते, डॉक्सिसायक्लिन सोबत चालत नाही. गर्भावर तिचा भयंकर परिणाम होतो, त्यामुळे स्त्रियांना सुरू करण्याआधी एक महिना, पूर्ण कोर्सभर आणि नंतर एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. कोर्सभर आणि नंतर एक महिना कुणीही रक्तदानही करू नये. उरलेल्या गोळ्या बहिणीला किंवा मैत्रिणीला देणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार आहे.

गुणच द्यायचे तर ॲडापॅलीनला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पहिल्या सहा आठवड्यांच्या त्रासाबद्दल कापला. बेंझॉइल पेरॉक्साइडला चार. शर्टांचा खर्च धरावाच लागतो. एकत्र ट्यूबला चार. चेहरा साफ झाल्यावर बेंझॉइल पेरॉक्साइड हळूहळू कमी करता येते. ॲडापॅलीन मात्र चालू ठेवावे, एक दिवसाआड चालेल, पण सगळ्या चेहऱ्याला, मटारच्या दाण्याएवढेच. तेल पाझरणे थांबलेले नसते आणि बुचे बसण्याचा स्वभावही गेलेला नसतो.